पुढे पाठवण्यापूर्वी क्षणभर थांबा!

ऑक्टोबर २०१८. राजस्थानात विधानसभा निवडणुकीचे वारे वाहत होते. त्या दिवसांत जयपूरच्या रस्त्यावर एक पथनाट्य झाले. लोक थांबून पाहू लागले. नाटक ना हुंड्यावर होते, ना साक्षरतेवर, ना पल्स पोलिओवर. विषय होता मोबाइलवर येणारे संदेश! आलेला प्रत्येक संदेश खरा मानू नका, खात्री केल्याशिवाय पुढे पाठवू नका, एवढेच ते नाटक सांगत होते. व्हॉट्सॲप आणि जिओ या दोन कंपन्यांनी मिळून काढलेल्या या मोहिमेची सुरुवात जयपूरपासून झाली होती. नंतर ती इतर शहरांत जाणार होती.

संदेश पाठवण्याचे यंत्र विकणाऱ्या, चालवणाऱ्या कंपन्यांवरच 'जरा जपून पाठवा' असे रस्त्यावर येऊन सांगण्याची पाळी का आली? त्याआधी जुलैत वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती झाल्या होत्या. ऑगस्टच्या अखेरीस आकाशवाणीच्या हिंदी भाषक राज्यांतील केंद्रांवरूनही हेच सांगून झाले होते. एवढा खटाटोप कशासाठी?

याचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातल्या एका छोट्या गावात आहे.

आत्याचा संदेश

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात माझ्याही मोबाइलवर एक संदेश आला होता. मुले पळवणारी टोळी आपल्या भागात शिरली आहे, मुलांना एकटे सोडू नका आणि हा संदेश सर्व आईवडिलांपर्यंत पोहोचवा, अशा आशयाचा. सोबत एक चित्रफीत होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे जण रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून पसार होतात, असे तिच्यात दिसत होते. पाठवणारी होती माझी आत्या. तिच्या मनात कोणाविषयी वाईट नव्हते. नातवंडांच्या काळजीने तिच्या पोटात गोळा आला आणि तिने तो संदेश घरच्या सगळ्यांना धाडला. मी तो पाहिला, 'बापरे!' म्हटले आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. पत्रकारितेचे शिक्षण घेतलेल्या मला 'ही घटना कुठली, कधीची?' हे दोन साधे प्रश्नही तेव्हा सुचले नाहीत.

ती चित्रफीत आपल्या देशातली नव्हतीच. मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांना सावध करण्यासाठी पाकिस्तानात कराचीत तयार केलेला तो एक छोटा बोधपट होता. मूळ चित्रपटात ते मोटारसायकलस्वार परत येतात, मुलाला सुखरूप सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. कुणीतरी हा शेवट कापून टाकला आणि उरलेला तुकडा खरी घटना म्हणून गावोगाव फिरला.

मराठी माणसाला हा प्रकार नवा नाही. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा 'धरावे' या शब्दाचे 'मारावे' केले गेले अशी आख्यायिका आहे. 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार आपण तेव्हापासून वापरतो. एका अक्षराने काय अनर्थ होतो, हे आपल्या भाषेला अडीचशे वर्षांपासून ठाऊक आहे. मग शेवट कापलेल्या चित्रफितीने काय होणार नाही?

राईनपाड्याचा रविवार

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जण तेथे आले. डौर वाजवावा, देवाची गाणी म्हणावीत आणि दारोदार भिक्षा मागावी, हा या भटक्या समाजाचा पिढीजात व्यवसाय. या पाच जणांपैकी बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. घरापासून शेकडो किलोमीटरवर ते पोटासाठी फिरत होते.

त्या भागात मुले पळवणाऱ्या टोळीचे संदेश बरेच दिवस मोबाइलवर फिरत होते. मृत बालकांची रांगेने ठेवलेली शवे दाखवणारी छायाचित्रेही त्यांत होती. ती होती ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियात झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यातली. पण राईनपाड्यात ती पाहणाऱ्याला हे कोण सांगणार? अनोळखी माणसे दिसली, संशय आला, गर्दी जमली. कोणी ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हते. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडण्यात आले आणि तेथेच मारहाणीत त्यांचा अंत झाला. या प्रकरणी २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप सुनावली. पाच घरे एका अफवेने उजाड झाली, आणि आणखी सात घरांतली माणसे तुरुंगात गेली.

हा एकच प्रसंग असता, तर दुर्दैव म्हणून सोडून दिला असता. पण त्या वर्षी असे प्रकार देशभर घडले. राजस्थानातून पोट भरण्यासाठी बंगळूरला गेलेल्या २६ वर्षांच्या एका तरुणाला मे महिन्यात जमावाने याच संशयावरून ठार केले. जूनमध्ये आसामात फिरायला गेलेले दोन तरुण बळी पडले. त्रिपुरात तर अफवांवर विश्वास ठेवू नका, असे ध्वनिक्षेपकावरून सांगत फिरण्यासाठी सरकारने नेमलेल्या माणसालाच जमावाने मारले!

मात्र, राईनपाड्याची घटना घडली त्याच दिवशी रात्री नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावातही जमाव जमला होता. संशय तोच. दोन वर्षांच्या बालकासह पाच जण गर्दीच्या तावडीत सापडले होते. पण तेथे काही स्थानिकांनी त्यांना घरात आसरा दिला, पोलीस वेळेवर पोहोचले आणि पाचही जीव वाचले. गर्दीत 'थांबा, आधी विचारू तर द्या' म्हणणारी चार माणसे असली, तर काय फरक पडतो, हे मालेगावने दाखवले.

पत्राचे वळण आणि कापलेला कोपरा

पत्र कसे लिहावे, हे आपल्याला शाळेत शिकवले होते. वडिलांना 'तीर्थरूप', धाकट्याला 'चिरंजीव', शेवटी 'कळावे, लोभ असावा'. लग्नपत्रिकेला हळदकुंकू लावायचे. मृत्यूची बातमी देणाऱ्या पोस्टकार्डाचा कोपरा कापलेला असायचा. ते कार्ड हाती पडताच घरातले मोठे माणूस ते आधी स्वतः वाचायचे आणि मग इतरांना बेताने सांगायचे. वाईट बातमी कोणाच्या हाती, कशी पडावी, याचाही विचार त्या रीतीत होता.

पण सगळेच जुने ते सोने होते, असे नाही. 'हे पत्र अकरा जणांना पाठवा, लाभ होईल. न पाठवल्यास संकट येईल' अशी पोस्टकार्डे आपल्याही घरी येत. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो, ही वार्ता एका दिवसात देशभर पसरली, तेव्हा व्हॉट्सॲप कुठे होते? साधा टेलिफोन पुरेसा ठरला होता.

गंमत म्हणजे इंटरनेटही आपल्याकडे त्याच वर्षी आले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी ही सेवा सुरू केली. आणि त्याच ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत इंटेल कंपनीतल्या सॅली हॅम्ब्रिज यांच्या नावाने इंटरनेटवरील शिष्टाचाराची एक नियमावली प्रसिद्ध झाली. त्यात साखळीपत्रे मुळीच पाठवू नयेत, असे स्पष्ट सांगितले आहे. राग आला असेल, तर उत्तर लगेच न धाडता रात्रभर थांबावे. पलीकडे जिवंत माणूस आहे, त्याची भाषा व रीत वेगळी असू शकते, हे विसरू नये, असेही त्यात आहे. म्हणजे साधन आपल्या घरात आले, त्याच वर्षी ते वापरण्याची रीतही लिहून ठेवलेली होती. आपण साधन तेवढे घेतले.

जो समोर नाही त्याचे काय?

या सर्व जुन्या-नव्या शिष्टाचारांत एक गोष्ट समान आहे. ज्याला लिहायचे त्याचा मान राखा, असे ते प्रामुख्याने सांगतात. आत्याने मला लिहिले ते प्रेमानेच. मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिले तेही आदरपूर्वक, 'सर्वांना नमस्कार' म्हणून! पाठवणारा आणि वाचणारा, दोघेही सभ्य. मग चूक कुठे झाली?

चूक झाली ती तिसऱ्या माणसाच्या बाबतीत. ज्याच्याविषयी तो संदेश होता, तो आमच्या ग्रुपमध्ये नव्हता. गावोगाव भिक्षा मागत फिरणारा तो अनोळखी माणूस 'अहो, मी तसा नाही' म्हणायला तेथे हजर नव्हता. मोबाइलच्या जमान्यातला खरा शिष्टाचार या गैरहजर माणसाचा मान राखण्यात आहे.

ही गोष्ट फक्त अफवांपुरती नाही. अपघातात सापडलेल्याचे छायाचित्र काढून पाठवणे, शेजारच्या मुलीविषयी ऐकलेले ग्रुपवर टाकणे, भाच्याचे गुण त्याला न विचारता जाहीर करणे, आजारी सासूबाईंचा दवाखान्यातला फोटो सर्व नातेवाइकांना धाडणे, घरच्यांना कळण्याआधीच 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून मोकळे होणे, हे सारे आपण सहज करतो. त्या माणसाला काय वाटेल, हे विचारायला आपण विसरतो. कापलेल्या कोपऱ्याच्या कार्डामागचा विवेक इथे उपयोगी पडेल.

कायदा आणि कंपनी कुठवर पुरणार?

२०१८ मध्ये भारतात व्हॉट्सॲप वापरणारे २० कोटींहून अधिक होते. जगात सर्वांत जास्त संदेश, छायाचित्रे व चित्रफिती पुढे पाठवणारे लोक भारतातले, असे कंपनीनेच तेव्हा सांगितले. राईनपाड्यानंतर काही दिवसांतच पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दिसू लागली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल, असे बंधन आले. जानेवारी २०१९ मध्ये ते जगभर लागू झाले. त्यामुळे असे संदेश पाठवण्याचे प्रमाण २५ टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने म्हटले. एप्रिल २०२० पासून, अनेक हातांतून आलेला, दोन बाणांची खूण असलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो.

न्यायालयांनीही लक्ष घातले. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जमावाकडून होणाऱ्या हत्या रोखण्यासाठी राज्यांना उपाय घालून दिले. ग्रुपच्या ॲडमिनचे काय, हा प्रश्न अनेक वाचकांना पडतो. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, समान हेतू दिसत नसेल तर दुसऱ्या सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही, असा निर्वाळा दिला. कायद्याने ॲडमिन सुटला, हे खरे. पण घरच्या ग्रुपवर मोठ्या माणसाची जबाबदारी कायद्याने ठरते थोडीच?

आणि आता तर हुबेहूब माणसाच्या आवाजात बोलणारी, त्याचा चेहरा घेऊन वावरणारी खोटी चित्रफीत संगणक तयार करून देतो. 'मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले' हा पुरावाही आता पुरत नाही.

एवढे पथ्य पाळा

• संदेश वाचून भीती किंवा संताप दाटून आला, तर तो लगेच पुढे पाठवू नका. अफवा याच दोन भावनांवर जगते.

• कुठे, कधी, कोणी सांगितले, हे तीन प्रश्न विचारा. गाव, तारीख आणि सांगणाऱ्याचे नाव नसेल, तर तो संदेश आपल्यापाशीच थांबवा.

• 'खरे-खोटे माहीत नाही, पण पाठवतो' असे लिहून जबाबदारी टळत नाही. माहीत नसेल, तर पाठवू नका.

• मूल खरोखर संकटात असल्याचे दिसले, तर ग्रुपवर लिहीत बसू नका. ११२ या क्रमांकावर पोलिसांना किंवा १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर कळवा.

• घरातल्या वडीलधाऱ्यांनी चुकीचा संदेश पाठवला, तर चारचौघांत त्यांची फजिती करू नका. वेगळा फोन करून सांगा. मान राहतो आणि पुढचा संदेशही थांबतो.

• आपलीच चूक झाली असेल, तर संदेश नुसता पुसू नका. जिथे पाठवला तिथेच 'तो खोटा होता' असे लिहा. ज्यांनी तो वाचला, त्यांना हे कळायला हवे.

हे शेवटचे पथ्य मला फार जड गेले. राईनपाड्याची बातमी वाचल्यावर सोसायटीच्या ग्रुपवर मी लिहिले की, तो संदेश खोटा होता आणि मी तो न तपासता टाकला होता. दोघांनी अंगठा दाखवला, एकाने हात जोडले, बाकीचे गप्प राहिले. मग आत्याला फोन केला. तिला सगळे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर एवढेच म्हणाली, "अगं, पण मी तर मुलांसाठीच पाठवला होता."

अलीकडे तिचे संदेश येतात, पण ते घरच्या ग्रुपवर नसतात. ती आधी मला एकटीला पाठवते आणि खाली लिहिते, 'हे खरे आहे का बघ गं. मगच बाकीच्यांना पाठवते.'