कामावर अंगठा गेला, ठेकेदाराने सही घेतली. तरी भरपाईचा हक्क संपत नाही

दीपनगर : इथल्या औष्णिक वीज केंद्रात फेकरी, निंभोरा, वरणगाव भागातली कितीतरी पोरं ठेकेदारांकडे कामाला जातात. कोळसा, राख, वेल्डिंग, उंचावरची कामं. अशा कामात अपघात झाला की कुठेही एक प्रकार होऊ शकतो. मुकादम दवाखान्यात येतो, काही रोख रक्कम हातावर ठेवतो आणि स्टॅम्पपेपरवर ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून घेतो. घरच्यांना वाटतं, सही झाली, आता विषय संपला.

तसं नाही. हक्क सोडून देणारा असा करार कायद्यात टिकत नाही. मृत्यू झाला असेल तर भरपाई सरकारी प्राधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. घरच्यांच्या हातात परस्पर दिलेली रक्कम भरपाई धरत नाहीत, फक्त तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल वजा होते.

आता रक्कम किती, ते पाहू. समजा कामगार ३५ वर्षांचा आहे आणि पगार १५ हजार. १९२३ च्या कायद्यात हिशोबासाठी पगार जास्तीत जास्त १५ हजारच धरतात. मृत्यू झाल्यास पगाराचा निम्मा भाग, म्हणजे ७,५०० गुणिले वयाचा आकडा १९७.०६. झाले १४ लाख ७७ हजार ९५०. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ६० टक्के पगार धरतात, म्हणजे १७ लाख ७३ हजार ५४०. नुसता अंगठा गेला तर त्याचे ३० टक्के, ५ लाख ३२ हजार ६२. दवाखान्याचा खरा खर्च वेगळा. महिन्यात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि कारण नसताना टाळलं तर ५० टक्क्यांपर्यंत दंड.

ठेकेदार पळाला तर? ज्याच्या कामासाठी ठेका दिला, त्या मुख्य मालकाकडूनही भरपाई मागता येते. मात्र पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर लाभ ईएसआय महामंडळाकडून मिळतो, हा दावा चालत नाही. म्हणून आधी पगाराची पावती बघा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली. घर ते काम या वाटेवरचा अपघातही तिच्यात येतो, पण वेळ, जागा आणि कामाचा संबंध दाखवावा लागतो. त्या तारखेआधीच्या अपघाताला जुनाच कायदा. दोन्हीकडे दाव्याची मुदत दोन वर्षं.

गेटपास, हजेरी कार्ड, बँकेचं पासबुक, दवाखान्याचे सगळे कागद जपून ठेवा. अपघाताची लेखी माहिती लगेच द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं नंतर कोणी कबूल करत नाही. सुरतला कामाला गेलेला आपला माणूस जखमी झाला, तर दावा राहत्या ठिकाणीही करता येतो, सुरतचे हेलपाटे नकोत. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. कारखान्यातल्या कामगाराला आणि कोणत्याही महिलेला वकील मोफत मिळतो.

आणि आपण शेतकरीसुद्धा यातून सुटलेलो नाही. ट्रॅक्टर किंवा विजेच्या यंत्रावर शेतीकाम करणारा मजूर या कायद्यात येतो. मळणीयंत्रात त्याचा हात गेला, तर तिथे मालक आपण असतो.