सोळा खणांतला भजनी ठेका

बारामतीजवळच्या कन्हेरीचा मारुती राजकारणाच्या बातम्यांतून महाराष्ट्रभर पोचला. पवार कुटुंब प्रचाराचा नारळ परंपरेने तिथेच फोडतं. शेजारच्या काटेवाडीत आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी येते आणि तिच्याभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. अशा टाळ-पखवाजाच्या मुलखात भजनाचा ठेका कीबोर्डमध्ये कशाला भरायचा, हा प्रश्न संपादकांनी माझ्या गळ्यात मारला. उत्तर लगेच मिळालं: पखवाजवाला दर वेळी मिळत नाही. कुणाची एमआयडीसीत रात्रपाळी, कुणाच्या उसाला रात्रीचं पाणी. पेटीवाला मात्र गावात असतो, आणि त्याच्याकडे आता ‘कॅसिओ’ असतो, मग तो कुठल्या का कंपनीचा असेना.

कीबोर्डच्या आधीचा ऑर्गन मराठी माणसाच्या मनात नाटकातला, पायाने भाता मारायचा. त्याला ताल येत नसे आणि यायची गरजही नव्हती. गंधर्व नाटक मंडळीत साथीला अहमदजान थिरकवाँचा तबला होता! तिकडे अमेरिकेत घरोघरी विजेचे ऑर्गन आले आणि एकट्या वादकाला तालाची सोबत हवी झाली. १९५९ साली वुर्लिट्झरने ‘साइडमॅन’ काढला. त्यात मोटरवर फिरणारा दांडा तबकडीवरच्या टाचण्यांना शिवत जाई आणि ठोके पडत. ताल कारखान्यातूनच ठरून यायचे, आपला घालायची सोय नव्हती. पुढे जपानमध्ये इकुतारो काकेहाशी यांनी १९६७ साली ‘ऱ्हिदम एस’ केला. त्यांच्याच रोलँड कंपनीच्या १९७८ च्या सीआर-७८ मध्ये वादकाला स्वतःचा ताल साठवता येऊ लागला. १९८० च्या टीआर-८०८ वर तर सोळा बटणं एका ओळीत मांडलेली: बटण दाबलं की ठोका, नाही दाबलं तर शांतता. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये याच यंत्राच्या डिस्को-ठोक्यावर दहा राग वाजवले. तबला त्यांनी बाजूलाच ठेवला. मला तो शहाणपणा वाटतो.

कारण तबला आत घालायला गेलं की भांडण सुरू होतं. भजनी ठेका कागदावर बघा: धिं ऽ ना धिं ऽ धिं ना ऽ, तिं ऽ ना तिं ऽ तिं ना ऽ. सोळा खण, दहा ठोके, सहा रिकाम्या जागा. यंत्रासाठीच जन्माला आल्यासारखा. कीबोर्डच्या तबला-किटमध्ये एकेका पट्टीवर एकेक बोल बसवलेला असतो. रेकॉर्डिंग सुरू केलं की दोन बारचं चक्र फिरत राहतं. पहिल्या फेरीत ‘ना’ टाका, दुसऱ्या फेरीत ‘धिं’, चुकलेला बोल पुसा. हात थोडा मागेपुढे पडला तर क्वांटाइझ नावाची सोय तो ओढून खणाच्या रेघेवर आणून बसवते. पंधरा मिनिटांत ठेका तयार.

आणि ऐकायला निर्जीव. डग्ग्यावर मनगट सरकतं तेव्हा ‘धिं’चा घुमारा पुढच्या रिकाम्या खणात वाहत जातो. ती जागा कागदावर रिकामी असली तरी कानाला भरलेली असते. त्यात ‘धिं’नंतरचा ‘ना’ रेघेवर पडतच नाही, किंचित रेलून येतो. जाणता वादक म्हणून आधी क्वांटाइझ बंद करतो. मग प्रत्येक ठोक्याचा जोर वेगळा ठेवतो आणि घसरत्या घुमाऱ्यासाठी वेगळी पट्टी वापरतो. ‘स्टाइल’मधली, म्हणजे कीबोर्डच्या तयार साथीतली, बेस-गिटार आणि कॉर्डची संगत तर तो पहिल्याच दिवशी मुकी करतो. अभंगाखाली ती फार आगाऊ वाटते. तासन् तास हेडफोन लावून एकच धिं घासत बसणाऱ्या या माणसांबद्दल मला, खरं सांगायचं तर, आदर वाटतो.

पण भजन सोळा खणांत थांबत नाही. अभंग संथ सुरू होतो, गजराला लय चढते, आणि ती किती चढणार हे टाळकरी ठरवतात. “टाळ पुढं गेलं की ह्ये मागं ऱ्हातं,” एक कीबोर्डवाला म्हणाला. तो डाव्या हाताने टेम्पोचं बटण टकटक वाढवत नेतो, उजव्याने चाल धरतो. टेम्पो एकेक पायरीने चढतो, मंडळी चढते एकदम. मधे गायक एखादी ओळ घोळवत थांबला तर पखवाजी त्याच्या तोंडाकडे बघून हात आवरतो. यंत्राचं चक्र फिरतच राहतं. तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा, तर आणखी अवघड. समेवर पोचायला ती कुठून उचलायची, हे आधी भरून ठेवायचं, आणि ऐनवेळी फिल-इनचं बटण नेमक्या बारवर दाबायचं. एक बार उशीर झाला की सम एकीकडे, गाणं दुसरीकडे.

यातून तरून निघालेला ठेका पेन ड्राइव्हवर साठवतात. कीबोर्ड बदलून दुसऱ्या कंपनीचा घेतला तर ती स्टाइलची फाइल सहसा उघडत नाही. फार तर मिडीमधून बोलांची नोंद नेता येते. पण इथल्या ‘ना’च्या पट्टीवर तिथे झांज असते, घुमाऱ्याच्या जागी खुळखुळा. मग एकेक बोल नव्या पट्टीवर हलवायचा, जोर पुन्हा लावायचा, आणि त्या रेललेल्या ‘ना’साठी पुन्हा हेडफोन चढवायचे.