बाटली काळी पडली, म्हणजे नेमकं काय?

वसई-विरारमध्ये एकाच इमारतीत दोन-तीन प्रकारचं पाणी येतं. पालिकेचं नळाचं, सोसायटीच्या बोअरचं, कमी पडलं की टँकरचं. पश्चिमेकडच्या गावांत विहिरी आणि बावखलं (छोटी तळी) आहेतच. म्हणून पाणी तपासायची एचटूएस बाटली आता अनेकांना ठाऊक आहे: खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून ठेवायचं, काळं पडलं की समजायचं, पाणी खराब. गैरसमज सुरू होतात ते यापुढे.

पहिला आणि सगळ्यात चिवट: 'काळं झालं, म्हणजे ई-कोलाय सापडला.' ई-कोलाय सहसा हायड्रोजन सल्फाइड (एचटूएस) तयारच करत नाही. तो वायू सोडतात सिट्रोबॅक्टर, साल्मोनेला, प्रोटियस, क्लॉस्ट्रिडियम यांसारखे जंतू. त्यांपैकी बरेच मैलापाण्याबरोबर येतात, म्हणून ही चाचणी इशारा म्हणून चालते. वायूचा बाटलीतल्या कागदी पट्टीवरच्या लोहक्षाराशी संयोग होऊन काळं लोहसल्फाइड बनतं. म्हणजे डोळ्यांना दिसतो तो जंतू नव्हे, त्याच्या पचनाचा कचरा. ही कागदी पट्टीची युक्ती ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या के. एस. मांजा आणि सहकाऱ्यांनी 1982 साली मांडली. बोअरच्या पाण्यात मुळातच सल्फाइड असेल, तर जंतू नसतानाही बाटली काळी पडते. मात्र तेव्हा ती भरल्याबरोबरच काळवंडते.

रंग बदलून जंतू दाखवणाऱ्या इतर चाचण्यांबद्दलचा 'सेन्सर म्हणजे रंग घातलेलं काहीतरी' हाही समज बरोबर नाही. रंग बदलणाऱ्या पातळ थरांच्या चाचण्यांत अनेकदा रंगद्रव्य नसतंच. पावसात महामार्गावर सांडलेल्या तेलावर इंद्रधनुष्य दिसतं, ते थराच्या जाडीमुळे. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि जाडीनुसार काही रंग मारले जातात. 1990च्या दशकात अमेरिकेत घशातल्या स्ट्रेप्टोकॉकससाठी अशी चाचणी बाजारात आली. सिलिकॉनचा सोनेरी दिसणारा तुकडा, त्यावर प्रतिपिंडं. जंतूचा अंश चिकटला, थर काही नॅनोमीटरांनी जाडावला, की सोनेरी जागा जांभळी. मला यातली ही काटकसर फार आवडते.

दुसरा प्रकार पॉलिडायअ‍ॅसिटिलीन या बहुलकाच्या पडद्याचा. 1993 साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या संशोधकांनी फ्लूचा विषाणू चिकटताच निळ्याचा लाल होणारा थर दाखवला. पण हाच थर उष्णतेनेही लाल होतो. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवलेली पट्टी खोटं बोलू शकते.

'रंग बदलला नाही, म्हणजे पाणी पिण्याजोगं' हा सगळ्यात महागडा गैरसमज. एचटूएस बाटलीला खारटपणा, नायट्रेट, विषाणू काही कळत नाही. समुद्राजवळच्या विहिरीचं पाणी खारं होऊनही बाटली स्वच्छच राहील. भारतीय मानक आयएस 10500 सांगतं, 100 मिलीलिटर पाण्यात एकही ई-कोलाय सापडता कामा नये. ते ठरवायला प्रयोगशाळाच लागते, कारण तिथे आधी जंतू वाढवून मोजतात. बाटलीलासुद्धा एक-दोन दिवस उबेत ठेवावं लागतं. दुपारी भरून संध्याकाळी 'ठीक आहे' म्हणणं फुकट.

काळी पडली तर विहीर लगेच बाद करू नका. पाणी उकळून प्या, विहिरीत किंवा टाकीत प्रमाणात ब्लीचिंग पावडर टाका, जवळून शौचखड्डा किंवा गटाराची लाइन जाते का ते बघा. मग निर्जंतुक बाटलीत नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवा. क्लोरीन टाकलेल्या पाण्यासाठी थायोसल्फेट घातलेली बाटली मागा. नाहीतर क्लोरीन वाटेतच जंतू मारत राहतं आणि अहवाल फसवा येतो.