चाकांवरचं घर आणि यलोस्टोनचं रान

आपल्या गटांतल्या काही जणींची मुलं अमेरिकेत असतात. आई-बाबा तिकडे गेले की "यंदा आरव्हीनं फिरू" असा बेत ठरतो. आपण नुसतं मान हलवून गाडीत बसायचं, की काय ते समजून घेऊन? म्हणून आज हा विषय घेतलाय.

आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. झोपायला गादी, गॅसची शेगडी, फ्रिज, मोरी, संडास, सगळं एका गाडीत. पण या घराला नळाचं कनेक्शन नसतं. पाणी टाकीत भरून घ्यायचं. भांड्यांचं आणि अंघोळीचं सांडपाणी एका टाकीत, संडासाचं दुसऱ्या टाकीत साठतं. ते ठरलेल्या जागीच सोडायचं. आधी संडासाची टाकी रिकामी करायची, मग सांडपाण्याची, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो. टँकरची वाट पाहिलेल्या बाईला तांब्याभर पाण्यात भांडी कशी विसळायची, हे शिकवावं लागत नाही!

आता यलोस्टोनचं उदाहरण घेऊ. 1872 साली स्थापन झालेलं हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. गरम पाण्याचे झरे, उंच उडणारी कारंजी, दऱ्या, धबधबे. 'ओल्ड फेथफुल' हे कारंजं साधारण दीड तासानं उडतं. झऱ्यांजवळची जमीन वरून घट्ट दिसते, पण पापुद्र्यासारखी पातळ असते आणि खाली उकळतं पाणी. म्हणून लाकडी वाट सोडायची नाही, नातवंडांचा हात सोडायचा नाही.

तिथले बायसन आपल्या राधानगरीच्या गव्यासारखे भारदस्त. शांत चरताना दिसतात, पण माणसापेक्षा कितीतरी जोरात धावतात. त्यांच्यापासून किमान 23 मीटर आणि अस्वल-लांडग्यांपासून 91 मीटर लांब राहायचं, असा नियमच आहे. फोटोसाठी जवळ जायचं नाही. खरकटं किंवा खाऊ बाहेर ठेवायचा नाही, वासानं अस्वल येतं.

कळसूबाई 1,646 मीटर उंच. यलोस्टोनचा बराचसा भाग 2,000 मीटरच्याही वर. तिथं धाप लागू शकते. पाणी 93 अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून उघड्या पातेल्यात डाळ लवकर शिजत नाही. छोटा कुकर बरोबर असू द्या. रक्तदाबाच्या, दम्याच्या गोळ्या हाताशी ठेवा. निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची. सतत ब्रेक दाबला तर तो तापून निकामी होतो. रस्त्याचे नियमही आधी पाहायचे. ग्लेशियर उद्यानातल्या 'गोइंग-टू-द-सन' रस्त्याच्या घाटभागात 21 फुटांपेक्षा लांब गाडी चालत नाही. उद्यानात रात्री कुठंही गाडी लावून झोपता येत नाही. मुक्कामाची जागा आधी राखून ठेवावी लागते.

शेवटचं, पण महत्त्वाचं. गाडी चालू असताना चहा करायला कुणी उठायचं नाही. पट्टा लावून बसायचं. "आई, जरा पोहे टाक ना" असं कुणी म्हणालं, तर "गाडी थांबव, मग सगळे मिळून करू" असं हसत सांगायचं. घराला चाकं लागली म्हणून स्वयंपाक एकटीच्याच वाट्याला का यावा? खिडकीबाहेरचा डोंगर आपल्यालाही बघायचाय, मैत्रिणींनो!