‘पुन्हा करन काय?’

मानसिक आजाराच्या भरात कुणावर हात उगारलेला माणूस नागपूरच्या मनोरुग्णालयातून किंवा अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहातून गावी परततो. मग गाव दर्यापूर असो की बार्शीटाकळी, पारावर प्रश्न एकच असतो: “हा पुन्हा असं करन काय?” उत्तरही बहुतेकांनी ठरवून टाकलेलं असतं. डोकं एकदा फिरलं, ते कधीही फिरणार.

अभ्यासकांच्या हाती मात्र भलतंच काही लागलं. 1966 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जॉनी बॅक्सस्ट्रॉम या कैद्याच्या बाजूने निकाल दिला. शिक्षा संपल्यावरही त्याला ‘वेडा गुन्हेगार’ म्हणून कडेकोट इस्पितळात डांबून ठेवलं होतं. त्या एका निकालामुळे न्यूयॉर्क राज्याला त्याच्यासारखे साडेनऊशेहून अधिक लोक साध्या मनोरुग्णालयांत हलवावे लागले. तिथल्या कर्मचाऱ्यांनी धसकाच घेतला. पण पुढच्या चार वर्षांत कडेकोट इस्पितळात परत न्यावे लागले ते तीन टक्क्यांहूनही कमी! (बरेच जण पन्नाशीकडे झुकले होते, हेही खरं. वय वाढलं की हात थंडावतो. आजार असो वा नसो.)

मग पुन्हा गुन्हा घडतो तो कशामुळे? 1998 साली कॅनडातल्या जेम्स बॉन्टा आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्ण-गुन्हेगारांवरची पुष्कळ संशोधनं एकत्र मांडून पाहिली. आजाराचं नाव काय, लक्षणं कोणती, यावरून पुढचा अंदाज फारसा बांधताच येईना. तो बांधता येत होता आधीच्या गुन्ह्यांवरून, कोवळ्या वयावरून, व्यसनावरून, घरातल्या कलहावरून. ज्याचं डोकं अगदी ताळ्यावर आहे अशा सराईत चोराला जी कारणं पुन्हा तुरुंगात नेतात, तीच ही कारणं. त्याच वर्षी पिट्सबर्गमध्ये मनोरुग्णालयातून घरी गेलेल्यांची तुलना त्यांच्याच शेजाऱ्यांशी झाली. व्यसन नसलेले रुग्ण आणि व्यसन नसलेले शेजारी यांच्यात हिंसेचा फरक दिसला नाही. व्यसनाने मात्र दोघांतही हिंसा वाढली. आपल्याकडे हातभट्टीवर बसलेल्या दहांना सोडून गाव त्या एकट्या अकराव्याला घाबरतं, हे मला मोठं गमतीचं वाटतं.

इथे कुणी विचारेल, आजाराचा एवढाच वाटा असेल तर औषधं कशाला? स्वीडनमध्ये तुरुंगातून सुटलेल्या 22,275 जणांचा माग काढून 2016 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातली युक्ती मला फार आवडते: एका माणसाची दुसऱ्याशी तुलना करायचीच नाही. तोच माणूस औषध चालू असताना कसा वागला आणि बंद असताना कसा, एवढंच पाहायचं. मनोविकृतीवरची (अँटिसायकोटिक) औषधं चालू असण्याच्या काळात हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण 42 टक्क्यांनी कमी निघालं. व्यसनमुक्तीच्या औषधांनी तर निम्म्याहूनही जास्त घटलं. म्हणजे आजार आहे की नाही याहून तो आज आटोक्यात आहे की मोकाट, हा प्रश्न मोलाचा.

आणि तो आटोक्यात कसा राहतो? कुणीतरी गोळ्या मोजतं. दारूच्या बैठकीतून माणसाला उठवून आणतं. झोप उडाली, एकटाच पुटपुटू लागला, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतो म्हणू लागला, तर ते वेळीच हेरतं. भारतीय कायद्यानेही हे ओळखलंय. मनाचा तोल गेलेल्या आरोपीला जामीन द्यायचा, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 369 नुसार नातेवाइकाला किंवा मित्राला हमी द्यावी लागते: जवळच्या दवाखान्यात नियमित उपचार करवीन आणि त्याच्या हातून स्वतःला वा इतरांना इजा होऊ देणार नाही. मोठमोठ्या संशोधनांतून निघालेला शहाणपणा या एका हमीपत्रात बसलाय.

अडतं ते ‘जवळच्या’पाशी. नागपूरचं मनोरुग्णालय 1864 चं. पण अकोल्याहून ते अडीचशे किलोमीटर. धारणीच्या माणसाला नुसती अमरावती गाठायची तरी मेळघाटातले घाट उतरून परतवाड्यावरून यावं लागतं. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, आणि सोबत एक धडधाकट माणूस. महिन्याच्या गोळ्या संपतात नि पुढची खेप सोयाबीन निघाल्यावर, असं ठरतं. मधल्या काळात कुणी बुलढाण्यातल्या सैलानीबाबाच्या दर्ग्यात नेतं. तिथे धीर मिळतो, हे खोटं नाही. चुकलेला डोस मात्र चुकतोच.

हे अंतर कापता येतं, याचा एक दाखला अमरावती जिल्ह्यातच आहे. ‘विश्राम’ प्रकल्पात तीस गावांत, गावातल्याच कार्यकर्त्यांच्या मदतीने, मनाच्या आजारांवर काम झालं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचणारे आधी शंभरात चार होते. दीड वर्षात सत्तावीस झाले. नैराश्य वेगळं, स्किझोफ्रेनिया वेगळा, हे मान्य. पण साताऱ्यासह तीन ठिकाणी स्किझोफ्रेनियाच्या 282 रुग्णांवर झालेल्या प्रयोगातही, घरी येणाऱ्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांमुळे औषधं जास्त नियमित राहिली.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुरुंगाच्या डॉक्टरवर दर तीन महिन्यांनी मनोरुग्ण कैद्यांबाबत अहवाल देण्याचं बंधन घातलंय. तो अहवाल आत असलेल्यांचा. सुटलेल्याची पुढच्या इंजेक्शनची तारीख त्याच्या गावच्या आशाताईला कुणी कळवायची, हे ठरायला हवं.