तेरा मायक्रोसेकंद थांब

पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात ऐन हंगामात उभं राहा. गाड्या, हमाल, व्यापारी, सगळा नुसता गलका. तरी आपल्या माणसाची हाक बरोबर कानावर येते, कारण तिची लकब ओळखीची असते. घरातला टीव्हीचा रिमोट याच जोरावर चालतो.

रिमोटचा प्रकाश अवरक्त, डोळ्यांना न दिसणारा. पण ऊन, बल्ब, पेटती चूल, सगळ्यांतूनच अवरक्त बाहेर पडतो. अमेरिकेत झेनिथ कंपनीने 1955 साली साध्या उजेडावर चालणारा ‘फ्लॅश-मॅटिक’ आणला, तर ऊन पडलं की टीव्ही आपसूक हुकूम मानायचा! म्हणून आजचा रिमोट दिवा नुसता लावत नाही. बहुतेक रिमोट तो सेकंदाला सुमारे 38,000 वेळा उघडझाप करतात. टीव्हीतला सेन्सर तेवढ्याच लयीला ओ देतो. उन्हाला लय नसते.

ही लय धरणारं वेगळं सर्किट नसेल, तर काम येतं ड्रायव्हरच्या, म्हणजे उपकरण हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, गळ्यात. समजा, रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकाचाच रिमोट करायचा आहे; मग त्याच्या साध्या पिनला अवरक्त एलईडी जोडायचा. त्यावर चालणाऱ्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये यासाठी ड्रायव्हर आहे: पिन चालू, तेरा मायक्रोसेकंद थांब, पिन बंद, पुन्हा तेरा थांब. एक गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरसाठी हे थांबणं 13,000 ठोक्यांचं, आणि तेवढा वेळ तो घड्याळाकडे बघत नुसता बसतो. मध्येच कुणी दार वाजवलं तर ताल चुकणार, म्हणून त्या वेळेपुरते इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरचं लक्ष वेधणारे इशारेही, बंद. शिवाय दिव्याचा पुढचा ठोका मागच्या ठोक्यावरून मोजला, तर चुका साचत जातात. तो सुरुवातीच्या समेपासूनच मोजावा लागतो. तबलजीला हे सांगायला नको.

आता खरी गंमत. रिमोटचा निरोप पाठवण्याच्या ‘एनईसी’ नावाच्या प्रचलित पद्धतीत आधी 9 मिलिसेकंदांची सलामी, म्हणजे 342 लुकलुकी, मग साडेचार मिलिसेकंद अंधार. पुढे प्रत्येक बिटसाठी जेमतेम 21 लुकलुकी. त्या सगळ्या सारख्याच! फरक त्यांच्यानंतरच्या अंधारात: 0.56 मिलिसेकंद असेल तर शून्य, 1.69 असेल तर एक. निरोप उजेडात नाहीच, मधल्या अंधारात आहे.

रिमोट मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बऱ्याच फोनांत फिकट जांभळा ठिपका दिसेल. 38,000 उघडझापा मात्र कॅमेऱ्यालाही मोजता येत नाहीत.