टेम्सकाठची दोन गावं आणि काशीनरेशांची विहीर

गोरिंगच्या लॉकमध्ये एक लांबट, अरुंद बोट येऊन थांबली आहे. मागचे दरवाजे बंद होतात, पुढच्या दाराखालच्या झडपा उघडतात आणि आतलं पाणी हळूहळू खालच्या पात्रात निघून जायला लागतं. बोटीवरचं म्हातारं जोडपं चहाचे मग हातात धरून आमच्या डोळ्यांदेखत खाली खाली जातंय. त्यांना त्याचं काहीच नवल नाही. पुढचे दरवाजे उघडतात, इंजिन धुडधुडतं, बोट निघून जाते.

"म्हणजे नदीला पायऱ्या केल्यात की रे यांनी," आत्या म्हणते.

आत्या खानदेशातली. पाणी दिसलं की ते कुठून येतं, कुठे जातं आणि कोणाच्या मालकीचं, हे तिला आधी कळायला हवं. मी सांगतो की ही टेम्सच, लंडनला जाते ती. इथे पहिलं लॉक १७८७ मध्ये बांधलं गेलं. त्याआधी बंधाऱ्याच्या फळ्या काढायच्या आणि उसळत्या पाण्याबरोबर बोट खाली सोडायची, अशी जिवावरची पद्धत होती. १६७४ मध्ये गोरिंगची जत्रा करून पलीकडच्या स्ट्रीटलीला परतणाऱ्यांची नाव याच बंधाऱ्यावरून गेली आणि सुमारे ६० माणसं बुडाली. आत्या बंधाऱ्याकडे बघते. तिथे आत्ता हंसाची मादी करड्या पिल्लांना घेऊन संथपणे पोहते आहे.

पुलावर येतो. नदीच्या या अंगाला गोरिंग, ऑक्सफर्डशरमध्ये. त्या अंगाला स्ट्रीटली, बर्कशरमध्ये. दोन्हीकडे हिरव्या टेकड्या अगदी जवळ सरकलेल्या. चॉकच्या, म्हणजे खडूसारख्या पांढऱ्या चुनखडीच्या या डोंगररांगेतून हिमयुगात टेम्सने वाट फोडली, तीच ही खिंड. रिजवे नावाची प्राचीन पायवाट इथेच नदी ओलांडते. पुलावरून खाली पाणचक्की आणि तिच्यामागे चर्चचा बुटका मनोरा दिसतो. चित्रकार टर्नरने हे दृश्य रंगवलं आहे. १८९३ च्या उन्हाळ्यात ऑस्कर वाइल्ड नदीकाठच्या एका घरात राहिला आणि पुढे त्याने आपल्या नाटकातल्या एका पात्राला लॉर्ड गोरिंग हे नाव दिलं. गायक जॉर्ज मायकेलचं घरही इथलंच. २०१६ च्या नाताळात तो इथेच गेला. गाव सुंदर आहे यात वाद नाही. पण हे सौंदर्य जरा जास्तच नीटनेटकं आहे. खिडकीखालच्या फुलांच्या कुंड्यासुद्धा कोणीतरी तपासून गेल्यासारख्या. नदीकाठी कोणी कपडे धूत नाही, कोणी गुरं पाजत नाही. आत्याला ते खटकतं, मला आता सवय झाली आहे.

डोक्यावर घारी घिरट्या घालताहेत. तांबूस अंगाच्या, दुभंगल्या शेपटीच्या. या भागातून त्या पार नाहीशा झाल्या होत्या. १९८९ पासून पाच वर्षं स्पेनमधून पिल्लं आणून या टेकड्यांत सोडली गेली, तेव्हा त्या परत आल्या. "घारी आयात केल्या?" आत्या हसून पदर सावरते.

गाडी स्ट्रीटलीवरून खालच्या अंगाला वळते. लोअर बेसिल्डन. रेल्वेरुळांच्या पलीकडे, नदीच्या बाजूला, विटांच्या मनोऱ्याचं छोटं चर्च. आवारात १८८६ मध्ये टेम्समध्ये बुडालेल्या दोन भावांचा संगमरवरी पुतळा आहे, पोहायच्या कपड्यांतली दोन पोरं. आत्या त्यांच्यापुढे थोडा वेळ थांबते. मी तिला पुढे नेतो, कारण मला दाखवायची आहे ती जेथ्रो टलची समाधी. १७४१ मध्ये त्याला इथे पुरलं. त्याचं पेरणीयंत्र शाळेच्या पुस्तकात आधुनिक शेतीची सुरुवात म्हणून भेटतं. घोड्याने ओढायचं, एका वेळी तीन ओळी पेरणारं.

"तीन ओळी?" आत्या विचारते. "म्हणजे तिफणच ना?"

जवळपास तिफणच. चाडं, नळ्या, फण, आणि चाड्यावर मूठ धरून बी सोडणारी बाई. टलकडे बाईच्या जागी फिरणारा दांडा होता, एवढाच मोठा फरक. १७९५ मध्ये दक्षिण भारतातल्या हॅलकॉट नावाच्या इंग्रज कप्तानाने लिहून कळवलं होतं की ही अवजारं तिथल्या शेतात सर्रास चालतात, आणि आपण मात्र त्यांना युरोपचा शोध समजत होतो. इतिहासकार धरमपाल यांनी ते पत्र आपल्या पुस्तकात पुन्हा छापलं. टलचं मोठेपण त्याने कमी होत नाही. त्याने इंग्रज शेतकऱ्याला मूठभर बी उधळण्याच्या सवयीतून बाहेर पडायची वाट दाखवली. फक्त शाळेच्या पुस्तकात आणखी एक ओळ हवी होती.

चढावर बेसिल्डन पार्क. बाथच्या मधाळ रंगाच्या दगडाचा भव्य वाडा, समोर खांब, मागे टेम्सच्या खोऱ्याकडे पाहणारं अष्टकोनी दालन. तिकीट काढून आत शिरतो. स्वयंसेवक आजी अतिशय आपुलकीने सांगताहेत: दुसऱ्या महायुद्धात इथे अमेरिकन सैनिक होते, घर मोडकळीला आलं होतं, एका उमरावाच्या कुटुंबाने ते १९५० च्या दशकात सावरलं, आता ते नॅशनल ट्रस्टकडे आहे, २००५ च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' चित्रपटाचं चित्रीकरण इथे झालं. लोकांना हे शेवटचं सर्वात आवडतं. माझी नजर मात्र बांधणाऱ्याच्या नावावर. सर फ्रान्सिस साईक्स. ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर, क्लाइव्हचा सहकारी, कासिमबाजारला बसून मुर्शिदाबादच्या दरबारातून माया जमवलेला. १७७० मध्ये बंगालात भीषण दुष्काळ पडला. १७७१ मध्ये साईक्सने ही इस्टेट विकत घेतली. १७७६ पासून वास्तुविशारद जॉन कारने वाडा बांधायला घेतला. या सनावळ्या मी आत्याला ओळीने वाचून दाखवतो. ती छतावरच्या नक्षीकडे बघत एवढंच म्हणते, "कारागीर चांगले होते." आणि बाहेर येऊन बाकावर बसते. चहा तिथेच पितो.

मग पुन्हा नदी ओलांडून गोरिंगमधून पूर्वेकडे, चिल्टर्नच्या चढावर. आठेक किलोमीटर. बीच वृक्षांची दाट राई, अरुंद रस्ता, समोरून गाडी आली की एकाने कडेला दबायचं. स्टोक रो. आणि रस्त्यालगत, इंग्रजी गावाच्या अगदी मधोमध, घुमट.

तांबड्या आणि सोनेरी रंगाचा, लोखंडी खांबांवर उभा, छत्रीसारखा. खाली रहाटाचं यंत्र आणि त्यावर सोनेरी हत्ती. आत्या गाडीतून उतरते ती थेट चालू लागते. "इथे कोणी आणला हा?"

इंग्रजीत कडेने लिहिलंच आहे, बनारसच्या महाराजांनी ही विहीर दिली म्हणून. ईश्वरीप्रसाद नारायण सिंह, काशीनरेश. एडवर्ड रीड नावाचा भारतातला इंग्रज अधिकारी जवळच्या इप्सडेनचा. त्याने १८३१ मध्ये आझमगडकडे लोकांसाठी विहीर खोदून दिली होती. पुढे काशीनरेशांशी त्याची मैत्री झाली आणि बोलता बोलता त्याने आपल्या टेकडीवरच्या गावांची तहान सांगितली. घरातलं शेवटचं पाणी प्यायला म्हणून आईचा मार खाणाऱ्या पोराची गोष्ट सांगितली. खाली टेम्स वाहते आहे आणि वर प्यायला पाणी नाही! चॉकच्या डोंगरावर पडलेला पाऊस थेट खाली मुरतो. ओढा नाही, झरा नाही. लोक चिखलाच्या डबक्यांतलं पाणी भरायचे. महाराजांनी ती गोष्ट लक्षात ठेवली आणि रीड मायदेशी परतल्यावर विहिरीचे पैसे देऊ केले.

१८६४ च्या २४ मे रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवशी, विहीर खुली झाली. खोली ३६८ फूट, रुंदी फक्त ४ फूट. सगळी हाताने खोदलेली.

"म्हणजे साठ परस!" आत्या काठावर थबकते. तिच्या माहेरच्या विहिरीत उतरणारी माणसं तिने पाहिली आहेत. चार फुटांच्या नळीत, अंधारात, कुदळ चालवायची म्हणजे काय, हे तिला सांगावं लागत नाही. भरलेला पोहरा वर यायला दहा मिनिटं लागत. आम्ही आत डोकावतो तेवढं डोकावतो. तळ काही दिसत नाही.

शेजारी राखणदाराचं अष्टकोनी घर, पलीकडे चेरीची बाग. फळं विकून देखभालीचा खर्च भागावा म्हणून महाराजांनी तीही लावून दिली होती. पाणी मात्र फुकट. सत्तरहून अधिक वर्षं गाव त्यावर जगलं, नळ येईपर्यंत. स्वतः महाराजांनी ही विहीर कधी पाहिली नाही. १९६४ मध्ये शताब्दीला राणीचे पती प्रिन्स फिलिप आले, तेव्हा गंगेचं पाणी आणून इथल्या पाण्यात मिसळलं गेलं.

"अहिल्याबाईंनी काशीला देऊळ बांधलं, घाट बांधला," आत्या म्हणते, "आणि काशीच्या राजाने इथवर येऊन विहीर."

"इथवर आला नाही गं तो. पैसे पाठवले."

"मग तर जास्तच."

एक तरुण आई बाबागाडी घेऊन बाकावर येऊन बसते. आम्ही घुमटाचे फोटो काढतोय हे पाहून ती विचारते, तुम्ही भारतातून का? आत्या मानेनेच हो म्हणते आणि मग मराठीतच तिला मोटेबद्दल सांगायला लागते, हातवारे करून. तीही ऐकत बसते.

लंडनच्या पॅडिंग्टनहून गोरिंग अँड स्ट्रीटलीला रेल्वेने येता येतं; पुढे स्टोक रोला मात्र टॅक्सी ठरवा, नाहीतर पायी टेकडी चढायची तयारी ठेवा. विहीर पाहायला पैसे पडत नाहीत. हाताशी एकच दिवस असेल तर साईक्सचा वाडा वगळला तरी चालेल, स्टोक रो वगळू नका.